नायट्रसची बाटली आणि उस्तादाची जबाबदारी

‘नायट्रस लावायचंय, कुठलं किट घेऊ?’ गॅरेजमध्ये हा प्रश्न आला की उत्तरात एखाद्या अमेरिकन कंपनीचे नाव येते, नाहीतर एक आकडा येतो. पन्नासचा शॉट, पंचाहत्तरचा शॉट, शंभरचा शॉट. विचारणारा वीस-बावीस वर्षांचा असतो. त्याने सिनेमे पाहिलेले असतात, मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले असतात. उत्तर देणारा मेकॅनिक वयाने मोठा आणि कसबी असतो, पण नायट्रसची त्याची माहितीही बहुधा त्याच व्हिडिओंतून आलेली असते. माझे म्हणणे असे की दोघेही चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. नायट्रसची निवड बाटलीपासून किंवा आकड्यापासून करायची नसते, इंधनापासून करायची असते. बाटली सगळ्यात शेवटी येते. आणि आपल्याकडच्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत ती येऊच नये.

हा विषय इथे कशाला, असे काहींना वाटेल. सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात मुस्लीम समाजात स्वयंरोजगाराचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदवले आहे. हा आकडा डोळ्यांनी पाहायचा असेल तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या गॅरेजच्या गल्लीत जावे. मोहल्ल्यातल्या पोराची शाळा सुटते तेव्हा अनेकदा त्याच्या हातात पाना येतो. उस्तादाकडून शागिर्दाकडे हाताचे कसब जाते, कानाने इंजिन ओळखण्याची कला जाते. जात नाही ते फक्त ‘हे असे का होते’ याचे उत्तर. कार्ब्युरेटरच्या काळात तेवढ्यावर भागले. आता गाडीत संगणक आहे, आणि गिऱ्हाईक परदेशातले किट मागवून समोर उभा आहे. अशा वेळी ‘का’ माहीत नसणे महागात पडते, आणि ती किंमत बहुतेक वेळा गॅरेजवाला मोजतो.

आधी एक गैरसमज दूर करू. नायट्रस ऑक्साइड हे इंधन नाही. ते स्वतः जळत नाही. १७७२ साली जोसेफ प्रीस्टलीने हा वायू तयार केला, हम्फ्री डेव्हीने १७९९ च्या सुमारास तो हुंगून त्याचे प्रयोग केले, आणि ‘लाफिंग गॅस’ म्हणून तो ओळखला जाऊ लागला. पुढे तो दवाखान्यात भूल देण्यासाठी आला. इंजिनाला त्याचा उपयोग वेगळा आहे. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये सुमारे ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने नायट्रसचा रेणू फुटतो आणि हा ऑक्सिजन मोकळा होतो. ऑक्सिजन वाढला म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येते. ताकद त्या जास्तीच्या पेट्रोलातून येते. नायट्रस फक्त ते जाळायची सोय करतो. शिवाय बाटलीतला द्रव नायट्रस बाहेर पडताच उकळतो, उणे ८८ अंशांपर्यंत थंड होतो, आणि आत येणारी हवा गार व घट्ट करतो.

‘मग थेट ऑक्सिजनचा सिलिंडरच का लावू नये?’ हाही प्रश्न मी ऐकला आहे. उत्तर असे की नायट्रसमधला उरलेला ६४ टक्के नायट्रोजन ज्वलनाला आवर घालतो. तो आवर काढून घेतला तर पिस्टन वितळायला वेळ लागणार नाही.

या वायूचा इंजिनातला इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ‘जीएम-१’ नावाने नायट्रसची यंत्रणा काही विमानांत बसवली. खूप उंचीवर हवा विरळ होते आणि सुपरचार्जरही कमी पडतो. तिथे काही मिनिटांपुरती ताकद टिकवण्यासाठी ती होती. खाली, दाट हवेत, ती टाकी म्हणजे नुसते वजन. म्हणजे मुळात ही वस्तू एका नेमक्या अडचणीवरचे थोड्या वेळाचे उत्तर होती. पुढे अमेरिकेत पाव मैलाच्या ड्रॅग रेसिंगमध्ये ती रुजली, तिथेही गरज काही सेकंदांचीच. १९७८ साली कॅलिफोर्नियात ‘एनओएस’ ही कंपनी सुरू झाली, आणि २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ने ती तीन अक्षरे जगभरच्या पोरांच्या तोंडी बसवली. सिनेमाने बटण दाखवले. बटणामागचा पेट्रोलचा हिशेब दाखवला नाही.

तो हिशेब साधा आहे. पेट्रोल हवेत पूर्ण जळायला वजनाने एकास साधारण १४.७ भाग हवा लागते. नायट्रससोबत हेच प्रमाण एकास साडेनऊच्या आसपास येते. प्रत्यक्षात इंजिन वाचवण्यासाठी पेट्रोल याहूनही जास्त देतात. शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीला ३५ हॉर्सपॉवर वाढवायचे, तर त्या क्षणी पेट्रोलही सुमारे एक तृतीयांश जास्त लागणार. ते आणणार कोण? जुना फ्युएल पंप? अर्धवट तुंबलेला फिल्टर? पेट्रोल कमी पडले आणि नायट्रस मात्र पूर्ण आला, तर मिश्रण लीन होते, तापमान चढते, नॉकिंग सुरू होते. मग रिंगांमधली पिस्टनची कड तुटते, हेड गॅस्केट उडते किंवा पिस्टनला भोक पडते. याला काही सेकंद पुरतात. मागे बसलेल्याला ‘काय पिकअप आहे!’ वाटते तेवढ्याच वेळात इंजिन उघडायची पाळी येते.

आता प्रकार पाहू, कारण निवड खरी तिथे आहे. ‘ड्राय’ प्रकारात फक्त नायट्रस फवारला जातो आणि वाढीव पेट्रोल गाडीच्या स्वतःच्या इंजेक्टरांनी द्यायचे असते. ‘वेट’ प्रकारात एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही येतात. ‘डायरेक्ट पोर्ट’मध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळे नोझल असते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत कार्ब्युरेटरखाली बसवायची प्लेट असते. तीही वेट प्रकारातलीच.

ड्राय किट स्वस्त आणि बसवायला सोपे, म्हणून पोरांचा ओढा तिकडे असतो. पण इथे एक बारकावा आहे. ज्या गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे नायट्रस त्याच्या आधी फवारून संगणकाला जास्त पेट्रोल द्यायला लावता येते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत असा सेन्सर नसतो. त्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्याला नायट्रस आलेला कळत नाही. दाब जवळपास तेवढाच, मग संगणक पेट्रोलही तेवढेच देतो. ‘ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेईल’ असे काही जण म्हणतात. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मूळ कंपनीचा संगणक साधारणपणे त्या सेन्सरचे ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्यावर चालतो. म्हणून इंधनाचा तक्ता बदलता येत नसेल, तर अशा गाडीला ड्राय किट लावणे म्हणजे इंजिन जाणूनबुजून लीन करणे होय.

वेट किट स्वतःचे पेट्रोल स्वतः आणते, म्हणून साध्या पेट्रोल इंजिनाला मी तेच बरे मानतो. पण त्याचाही एक दोष आहे. आजचे इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचे, लांब वळणांचे आणि फक्त हवा वाहून नेण्यासाठी केलेले असते. त्यात पेट्रोल फवारले आणि आरपीएम कमी असेल, तर ते वळणांवर साचते. साचलेले पेट्रोल पेटले की बॅकफायर होतो आणि मॅनिफोल्ड फुटते. म्हणून नोझल थ्रॉटल बॉडीच्या जवळ हवे, शॉट लहान हवा आणि साधारण ३००० आरपीएमच्या खाली नायट्रस सुटताच कामा नये. डायरेक्ट पोर्टमध्ये वाटणी सारखी होते, पण त्याचे काम आणि जुळवाजुळव ज्याने आयुष्य रेसिंगमध्ये घातले आहे त्याची. डिझेल इंजिनाचे गणित निराळे: तिथे पेट्रोलचे वेट नोझल कधीही लावू नये. डिझेल पंपाने दिलेले जास्तीचे इंधन जाळायला फक्त नायट्रस द्यायचा असतो.

मग आकडा. ‘अमेरिकेत लोक शंभरचा शॉट सहज लावतात’ असे म्हणताना एक भागाकार विसरला जातो. तिथला शंभरचा शॉट बहुधा पाच-साडेपाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाला असतो. आठ सिलिंडरांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा हॉर्सपॉवर. तोच शंभर आपल्या दीड लिटरच्या चार सिलिंडरांत वाटला की प्रत्येकाला पंचवीस, तेही लहान पिस्टन आणि हलक्या कनेक्टिंग रॉडवर. व्ही-८ च्या शंभराशी बरोबरी करायची तर चार सिलिंडरच्या गाडीला पन्नास होतात, आणि रॉड व पिस्टनचा हलकेपणा धरला तर पस्तीसच्या पुढे जाण्यात शहाणपण नाही. ज्याला हे कमी वाटते त्याने नायट्रसऐवजी मोठ्या इंजिनाचा विचार करावा.

किटसोबतच्या पुस्तिकेतही असाच एक सापळा आहे: ऑक्टेन. अमेरिकेत पंपावर जो आकडा लिहितात तो रॉन आणि मॉन या दोन मापांची सरासरी असतो. आपल्याकडे फक्त रॉन सांगतात, आणि रॉन नेहमी मोठा असतो. तिथले ९१ म्हणजे इथले साधारण ९५-९६. पुस्तिकेत ९१ वाचून आपल्याकडचे ९१ भरले, तर नॉकिंगला आमंत्रण दिले. शिवाय जेटचे तक्ते त्यांच्या पेट्रोलसाठी केलेले असतात. आपल्याकडे इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे, आणि इथेनॉल मिसळले की तेवढ्याच ऑक्सिजनला जास्त इंधन लागते. पुस्तिकेतला पेट्रोलचा जेट जसाच्या तसा लावला तर मिश्रण लीनकडे झुकते.

आणि आता आपल्या उन्हाळ्याचा मुद्दा. नायट्रस बाटलीत द्रवरूपात असतो, आणि हा द्रव ३६.४ अंश सेल्सिअसपर्यंतच द्रव राहू शकतो. किट ज्या दाबावर जुळवलेले असते, म्हणजे ९०० ते ९५० पीएसआय, तो दाब बाटली साधारण ३० अंशांवर असताना मिळतो. थंड प्रदेशात बाटली तेवढी गरम होत नाही, म्हणून अमेरिकन किटसोबत बाटली तापवायचा हीटर विकतात. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ ला जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. दाब चढला की त्याच जेटमधून जास्त नायट्रस जातो, पेट्रोलचा दाब मात्र तेवढाच राहतो. सकाळी गारव्यात नीट जुळवलेली गाडी दुपारी लीन होते ती अशी. बाटली काठोकाठ भरलेली असेल तर दाब इतका वाढतो की सुरक्षा चकती फुटून वायू बाहेर येतो. हॅचबॅक गाडीत डिकी आणि बसायची जागा एकच असते. म्हणजे तो वायू थेट चालवणाऱ्याच्या नाकाशी, बंद काचांच्या आत. चकतीतून निघालेला वायू गाडीबाहेर नेणारी नळी ही हौसेची वस्तू नाही. ती नसेल तर बाटली गाडीत ठेवूच नये.

एवढे वाचूनही ज्याला नायट्रस लावायचाच आहे, त्याच्यासाठी माझा क्रम असा. आधी सगळ्या सिलिंडरांची कॉम्प्रेशन टेस्ट; एकही कमी निघाला तर विषय तिथेच संपला. मग पूर्ण लोडवर फ्युएल प्रेशर मोजायचे. मग वाइडबँड मीटर लावून मिश्रण डोळ्यांनी पाहायचे, कानाने नव्हे. एक पायरी थंड प्लग. इग्निशन टायमिंग मागे घ्यायचे. पन्नास हॉर्सपॉवरमागे दोन अंश हा रूढ ठोकताळा आहे. त्यानंतर सर्वांत लहान जेट. आणि चार स्विच, ज्यांवर तडजोड नाही: यंत्रणा मुद्दाम सुरू करायचा मुख्य स्विच, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच चालणारा स्विच, ठरावीक आरपीएमच्या आतच नायट्रस सोडणारा विंडो स्विच, आणि पेट्रोलचा दाब पडताच नायट्रस बंद करणारा प्रेशर स्विच. स्वस्त किटमध्ये शेवटचे दोन नसतात. म्हणूनच ती स्वस्त असतात. माझ्या मते किट निवडण्याची खरी कसोटी हीच: ते किती ताकद देते हे नाही, तर काही बिघडल्यावर ते स्वतःहून बंद होते की नाही.

नायट्रसच्या बाजूनेही बोलले पाहिजे. टर्बो बसवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. बटण बंद असताना इंजिन नेहमीसारखे चालते. पंचवीस-तीसचा नीट जुळवलेला शॉट निरोगी इंजिनाला सहसा मारत नाही. पण साडेचार किलोची बाटली शंभरच्या शॉटला जेमतेम दोन मिनिटे पुरते, पस्तीसच्या शॉटला पाच-सहा. मग ती पुन्हा भरायची कुठे? इथे आपल्याकडची खरी अडचण सुरू होते.

दाबाखालच्या वायूंचे सिलिंडर ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ खाली येतात, आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडर मान्यताप्राप्त हवा, भरणाऱ्याकडे परवाना हवा. अमेरिकेतून आलेल्या बाटलीवर तिथला शिक्का असतो, इथली मान्यता नसते. मग ‘जुगाड’ सुरू होतो: दवाखान्यातला निळा सिलिंडर, एक नळी, आणि कुणाच्या तरी गॅरेजच्या मागच्या खोलीत एका सिलिंडरमधून दुसऱ्यात भरणे. काट्यावर वजन न करता, कधी बाटली गरम करून. हा वायू भूल देण्यासाठीचा आहे, तो कुणाच्या तरी ऑपरेशनचा आहे, हा एक भाग. दुसरा भाग असा की त्या मागच्या खोलीत नळी धरून बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा शागिर्द उभा असतो.

कायद्याबद्दलही स्पष्ट असावे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते ते वेगळेच.

कायदा मालकाला धरतो, हे खरे. पण गाडी पुलावर आपटते तेव्हा पहिला प्रश्न ‘हे कुणी बसवलं?’ असा येतो. गिऱ्हाईक श्रीमंत घरातले असेल तर वकील येतो. मेकॅनिकच्या बाजूने कोणी येत नाही. आणि आपल्या वस्तीतल्या गॅरेजवर पोलीस आले की चर्चा त्या गॅरेजपुरती राहत नाही, सगळ्या मोहल्ल्याची होते. वीस वर्षांत कमावलेले नाव एका रात्रीच्या शॉटपायी घालवावे एवढी ती मजुरी नक्कीच नसते.

म्हणून पोरांना हौसच करू नका असे मी सांगणार नाही. वेगाची हौस वाईट नाही. तिची जागा चुकते. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला आणि कोइम्बतूरला रेसिंग ट्रॅक आहेत. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत. तिथे तपासणी होते, हेल्मेट लागते, अँब्युलन्स उभी असते, आणि समोरून शाळेची रिक्षा येत नाही. नायट्रसचे घर तिथे आहे. जी गाडी सोमवारी बहिणीला कॉलेजला सोडणार आहे, तिच्या डिकीत ते नाही.

आणि उस्तादांना एवढेच सांगणे आहे. गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. ‘लावून देतो’ म्हणणारे गल्लीत दहा मिळतील. ‘आधी कॉम्प्रेशन दाखव, फ्युएल प्रेशर दाखव, कुठे चालवणार ते सांग, नाहीतर मी हात लावणार नाही’ असे म्हणणारा एखादाच असतो. आज त्याचे एक काम जाईल. पण शागिर्द त्याच्याकडून जे शिकेल ते कुठल्याही किटच्या पुस्तिकेत लिहिलेले नाही: मोजल्याशिवाय बोलायचे नाही, आणि मोजमाप ‘नको’ म्हणत असेल तर पैशांसाठी ‘हो’ म्हणायचे नाही.